एर्मेतेच्या नावाचे कर्णे

निवेस चौदाव्या वर्षी कामाला लागली तेव्हा मिलानजवळच्या कान्तू गावात घरटी एक तरी माणूस लाकडाच्या धंद्यात होता. पुरुषांनी कापायचं, जोडायचं, कोरायचं आणि बायकांनी पॉलिश करायचं, अशी वाटणी कधीतरी कुणीतरी करून ठेवली होती आणि ती मोडावी असं कुणाच्या मनातही येत नव्हतं. निवेसला पलंगांच्या कारखान्यात चपड्याच्या, म्हणजे लाखेच्या पॉलिशला बसवलं. लोकरीचा बोळा जुन्या सुती कापडात गुंडाळायचा, त्याला चपडा पाजायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं. मधे हात थांबला की डाग पडलाच. सात-आठ वर्षांत तिच्या तळव्याला असं वळण लागलं की डोळे मिटून हात फिरवला तरी रंधा कुठे उडाला आहे ते ती सांगायची. सुतार वैतागत. हिच्याशी लग्न करणाऱ्याचं काही खरं नाही, दाढी धड केली नाही तरी ही पकडेल, असं ते म्हणायचे.

लग्न केलं एर्मेते ब्रेन्नाने. तो कातारी, म्हणजे लेथवर लाकूड कातणारा. टेबलांचे पाय, पलंगांचे खांब, जिन्यांच्या कठड्यांचे गज. घर वर आणि कारखाना खाली अंगणात. हात चांगला होताच, पण जीभ त्याहून चांगली होती. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बारमध्ये पत्त्यांचा डाव बसला की निम्मे लोक पत्ते खेळायला येत आणि निम्मे एर्मेतेचं बोलणं ऐकायला. तो कातायचा, निवेस पॉलिश करायची. लोरेना झाली तेव्हा भुसा उडू नये म्हणून पाळणा जिन्याखाली ठेवला होता.

मग आपोआप चालणाऱ्या लेथ आल्या. एर्मेते आठवडाभरात जितके पाय काते, तितके त्या सकाळच्या कॉफीआधी कातून ढीग घालत. एकोणीसशे शहाऐंशी साल आलं तेव्हा एर्मेतेच्या कारखान्यात आठवड्यातले तीन दिवस मशीन बंद असायचं. अशाच एका रिकाम्या दिवशी मिलानहून वाल्दामेरी नावाचा इंजिनिअर कागदाची गुंडाळी घेऊन आला. त्याला कर्णा हवा होता, लाकडाचा. तोंड कपडे धुण्याच्या टबाएवढं, गळा मुठीत मावेल एवढा, आणि मधली फाक त्याने आकडेमोड करून काढलेल्या वळणाने उघडत गेलेली. पूर्वी थिएटरांत पडद्यामागे असे कर्णे असत, पत्र्याचे. पत्रा स्वतःच वाजतो, लाकूड वाजत नाही, असं त्याचं म्हणणं. घरात असा कर्णा लावला की गाणारी बाई समोर येऊन उभी राहते म्हणाला.

एर्मेतेने कागद उलटासुलटा करून पाहिला. "एवढं मोठं नरसाळं? कुठल्या पिंपात वाइन ओतायचीय, साहेब?"

पण काम हातात नव्हतं, म्हणून त्याने ते घेतलं. चेरीच्या लाकडाचे तुकडे जोडून कड्या केल्या, कडीवर कडी सरसाने चिकटवली, तो ढोल लेथवर चढवला आणि तोंडाकडून आत आत कातत गेला. प्लायवूडचा साचा आत लावून वळण जुळतंय का बघायचं आणि पुन्हा कातायचं. पहिला कर्णा जोडावर उकलला. दुसऱ्याचा गळा वाकडा गेला. तिसरा जमला. त्याची जोडी झाली तेव्हा वाल्दामेरी आपला सगळा सरंजाम गाडीत घालून आला, कर्ण्यांच्या गळ्यांना आवाज काढणारे जड लोखंडी डबे बसवले आणि बैठकीच्या खोलीत रेकॉर्ड लावली. निवेस हातातलं ताट पुसायचं विसरून दारात उभी राहिली. गाण्याआधी त्या बाईने श्वास घेतला होता, तो तिला ऐकू आला होता.

पाहुणा गेल्यावर ती एर्मेतेला म्हणाली की लोखंड संपून लाकूड सुरू होतं तिथे नखाएवढी कड आहे. बोटाला लागते आणि कानालाही लागते असं तिला वाटलं. त्याने बोट घालून पाहिलं आणि कड काढली. पुढच्या शनिवारी वाल्दामेरीने ऐकून मान डोलावली आणि एर्मेतेच्या पाठीवर थाप मारली.

असल्या नादाची माणसं एकमेकांना ओळखून असतात. वर्षभरात तोरिनोहून, बोलोन्याहून, सीमेपलीकडच्या स्वित्झर्लंडहूनही माणसं यायला लागली. शनिवार त्यांचा ठरून गेला. निवेस सॉसेज घालून रिसोत्तोचा भात करायची, ते जेवायचे, वाइन व्हायची आणि मग सगळे एकेक रेकॉर्ड चर्चमध्ये बसल्यासारखे ऐकायचे. एर्मेते लाकडाबद्दल बोलायचा. चेरी कशी लाजरी असते, अक्रोड कसा आतल्या गाठीचा असतो. कातारी म्हणून आयुष्यभर त्याला कुणी दोन शब्द विचारले नव्हते. आता डॉक्टर आणि प्रोफेसर वही काढून लिहून घेत होते.

सत्त्याण्णव साली त्याचा उजवा हात थरथरायला लागला. बारमधल्या लोकांनी वाइनला दोष दिला, त्यानेही देऊ दिला, कारण ते सोपं होतं. मग एके सकाळी पटाशी लाकडात अडकली, अर्धा कातलेला कर्णा लेथवरून सुटला आणि त्याच्या गळ्याखालचं हाड मोडून खिडकीबाहेर गेला. हाड जुळलं. हात मात्र थांबला नाही, आणि डॉक्टरांनी त्या थरथरीला जे नाव दिलं त्यावर औषध असून नसल्यासारखं होतं.

तोरिनोच्या ओस्तेरो नावाच्या दंतवैद्याची जोडी तेव्हा अर्धी झाली होती. एर्मेते दिवसभर लेथसमोर स्टुलावर बसून राहायचा. आठव्या की नवव्या दिवशी निवेस खाली आली आणि तिने त्याचा एप्रन खुंटीवरून काढून आपल्या कमरेला बांधला.

"काय चाललंय?" त्याने विचारलं.

"तू सांग. मी करते."

"अगं, लेथवर बाई?"

"मग मिलानहून बाप्या बोलाव आणि त्याला सांग तुझा हात कापतो म्हणून."

त्याने शिकवलं. म्हणजे स्टुलावर बसून महिनाभर शिव्या घातल्या. तिने चेरीचे दोन ढोल वाया घालवले, अंगठ्याचं नख घालवलं. पण एकदा पटाशीचा कोन हातात बसल्यावर ती साच्याकडे फारशी बघेनाशी झाली. लेथ थांबवायची, बाही वर करायची आणि आतून तळवा फिरवायची. वळण जिथे अडखळत असेल तिथे तो अडखळायचा. तिचा पहिला धड कर्णा उतरला तेव्हा एर्मेतेने डावा हात आत घातला, कोपरापर्यंत, आणि बराच वेळ तसाच ठेवला. त्याच्या हातून इतका साफ गळा कधीच उतरला नव्हता आणि हे त्या खोलीतल्या दोघांनाही कळत होतं.

"पॉलिश कर," तो म्हणाला. दाराशी जाऊन वळला. "कुणाला सांगायची गरज नाही हं. हात बरा होईपर्यंत."

तिला तेव्हा ते पटलं होतं. पलंगांना पॉलिश करणाऱ्या बाईने कातलेला कर्णा कोण घेणार? हात बरा होईपर्यंत म्हणता म्हणता अकरा वर्षं गेली.

त्या अकरा वर्षांत कान्तूमधून जेवढे ब्रेन्ना कर्णे गेले ते सगळे निवेसने कातले. आठवडाभर ती लेथवर असायची. शनिवारी सकाळी केसांतला भुसा झटकून, कपडे बदलून स्वयंपाकाला लागायची. एर्मेते हात खिशात घालून पाहुण्यांत बसायचा. आधी तो जपून बोलायचा. मग सैल झाला. हा गळा कातताना तीन रात्री झोप लागली नाही, असं सांगायला लागला. ती भात ढवळता ढवळता ऐकायची. सांगता सांगता त्याला ते खरंच वाटायला लागलं आहे हे तिच्या एकदा लक्षात आलं, आणि त्यानंतर तिने त्याच्याकडे बघणं टाळलं.

एकदा ओस्तेरो आला होता. नवी जोडी न्यायला, दोन हजार एक साली. जेवताना तो भारावून म्हणाला की ब्रेन्नाबाई, तुम्ही नशीबवान, तुम्हाला हे रोज ऐकायला मिळतं, त्यातलं कळो न कळो.

एर्मेते हसला. "तिला भात कळतो."

सगळे हसले. तिने भांडं टेबलावर ठेवलं आणि चमचा आत ठेवला. पाहुण्यांच्या गाड्या अंगणातून बाहेर पडल्यावर तिने त्याला विचारलं की एवढं म्हणायची काय गरज होती. तो खुर्चीत बसला आणि रडायला लागला. "मग काय सांगू त्यांना? एर्मेते ब्रेन्ना संपला म्हणून सांगू?" तिने त्याचं नाक पुसलं, कारण त्याला हातात रुमाल धरवत नव्हता. विषय तिथेच राहिला.

लोरेना तोवर कोमोला विम्याच्या ऑफिसात लागली होती. ती आली की आईवरच चिडायची. "तूच त्याला डोक्यावर बसवलंस," म्हणायची. निवेस म्हणायची, आजारी माणसाकडून काय काय काढून घ्यायचं? पण मनातून ती एका गोष्टीची वाट बघत होती. लोकांसमोर नको. रिकाम्या कारखान्यात, लेथ बंद असताना, एकदा त्याने म्हणावं की चांगलं झालंय. अकरा वर्षांत त्याने ते म्हटलं नाही. दोन हजार आठच्या फेब्रुवारीत तो हॉस्पिटलमध्ये होता, बोलणं जवळजवळ बंद होतं. एका दुपारी त्याने तिचा हात धरला आणि ओठ हलवले. ती वाकली. तिला वाटलं, आता म्हणेल.

"शनिवारी कोण येणार आहे?" त्याने विचारलं.

चार दिवसांनी तो गेला.

अंत्यविधीला नादी मंडळी झाडून आली. वाल्दामेरी कबरीपाशी बोलला. हे हात पुन्हा होणे नाहीत म्हणाला, आणि ओस्तेरोने डोळे टिपले. पंधरा दिवसांनी वाल्दामेरी घरी आला आणि त्याने हळूच विचारलं की काही तयार माल राहिला आहे का. दोन जोड्या होत्या. त्या त्याने नेल्या, एर्मेतेच्या शेवटच्या म्हणून. तीन महिन्यांनी पुन्हा विचारलं. निवेसला दुसरं काही करता येत नव्हतं आणि लेथ तर होतीच. तिने आणखी एक जोडी दिली, माळ्यावर सापडली म्हणून. मग आणखी एक. साचे कागदावर उतरवून ठेवायचे म्हणून त्याने मागितले, तेही तिने दिले. मूळ वळण त्याचंच होतं.

पुढच्या वसंतात तो पितळी पट्टीचा नमुना घेऊन आला. एर्मेते ब्रेन्ना, आणि खाली जन्ममृत्यूची सालं. दर जोडीला अशी एक लावायची. मिलानच्या त्यांच्या मंडळाने त्याच्या नावाने एक कार्यक्रमही ठरवला होता. निवेसने पट्टी हातात घेतली, वजन पाहिल्यासारखी वरखाली केली आणि टेबलावर ठेवली. मग तिने सांगितलं. सत्त्याण्णवपासून सगळे मी कातलेत, इंजिनिअरसाहेब.

वाल्दामेरीने कॉफी संपवली. "मला माहीत आहे, ब्रेन्नाबाई."

"कधीपासून?"

"दोन हजारपासून असेल. तुम्ही भात वाढायला वाकलात, केसांत चेरीचा भुसा होता. त्याचे हात मी बघतच होतो."

"मग बोलला नाहीत?"

"तुम्ही दोघं बोलत नव्हतात. मी कोण बोलणारा?" मग म्हणाला, "आणि आताही बोलू नका. माळ्यावर सापडू द्या तुम्हाला. दोन-तीन वर्षं सहज सापडतील."

मिलानला चर्चच्या सभागृहात कार्यक्रम झाला. साठ-सत्तर माणसं होती, एर्मेतेचा मोठा फोटो होता. विधवेने दोन शब्द बोलावेत म्हणून तिला उभं केलं. तिने पर्स खुर्चीवर ठेवली आणि सरळ सांगितलं. कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, बायकोशिवाय कुठला कलावंत उभा राहतो, अशा अर्थाने. टाळ्या थांबेपर्यंत ती थांबली. म्हणाली की तसं नाही, ते स्टुलावर बसलेले असायचे आणि पटाशी माझ्या हातात असायची. मग कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मागच्या रांगेतून ओस्तेरोने विचारलं की माझी नवी जोडी, दोन हजार एकची, ती? ती माझी, निवेस म्हणाली. वाल्दामेरी छताकडे बघत होता.

महिन्याभरात टेम्पोतून ती जोडी परत आली. सोबत फार सभ्य पत्र होतं. बाईंच्या कष्टांबद्दल आदर आहेच, असं लिहिलं होतं, पण त्या संध्याकाळनंतर आपण लक्ष देऊन पुन्हा ऐकलं आणि वरच्या सुरांत एक कडकपणा जाणवला, काचेच्या कडेसारखा. तो आधी कसा निसटला याचं आश्चर्य वाटतं. एर्मेतेच्या खऱ्या हातची जोडी कुठे मिळत असेल तर बदलून हवी होती. मग बोलोन्याहून तसंच पत्र आलं. मग आणखी दोन. माळ्यावरच्या जोड्यांची मागणी एकदम थांबली.

निवेसने परत आलेले कर्णे कारखान्यात उभे केले आणि एकेकात हात घातला. सगळीकडे तळवा न अडता गेला. तिला वाटलं आपलंच चुकत असेल, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी, हात धुऊन, पुन्हा घातला.

पडद्याआडून कर्णे ऐकवायची कल्पना लोरेनाची. वाल्दामेरीकडची अगदी पहिली जोडी, शहाऐंशीची, एर्मेतेच्या धड हातांची. तिच्यातला एक कर्णा आणि ओस्तेरोच्या जोडीतला एक. बैठकीच्या खोलीत पलंगाची चादर आडवी टांगायची आणि पलीकडे लोरेनाने तोच लोखंडी डबा आधी एकाला, मग दुसऱ्याला बसवायचा. ओस्तेरो येईल असं निवेसला वाटलं नव्हतं. तो आला. ऑक्टोबरातल्या एका दुपारी, कोट घालून, पेढीवर आल्यासारखा. वाल्दामेरीही होता. निवेसने त्या दिवशी रिसोत्तो केला नाही. कॉफी ठेवली आणि भिंतीशी उभी राहिली.

तीन गाणी पहिल्यावर, तीच तीन दुसऱ्यावर. ओस्तेरो डोळे मिटून ऐकत होता. दुसऱ्या कर्ण्यावरचं तिसरं गाणं संपलं तेव्हा त्याच्या पापण्या ओल्या होत्या.

"हा," तो म्हणाला. "यात एर्मेते आहे. पहिला बरा आहे, पण हा... हा श्वास कुठून येणार दुसऱ्या कुणाच्या हातून?"

लोरेनाने चादर ओढली. डबा लावलेला होता तो त्याचाच कर्णा, दोन हजार एकचा, त्याने पाठवून दिलेला. तोंडाजवळ चेरीच्या लाकडात एक काळसर गाठ होती. आठ वर्षं ती त्याने रोज पाहिलेली. तो उठून जवळ गेला, गाठीवर बोट ठेवलं. निवेस त्याच्या पाठीकडे बघत होती. तो वळेल आणि तिच्याकडे बघेल, एवढंच तिला हवं होतं.

तो वळला. चेहरा उजळलेला होता.

"म्हणजे हा त्यांनीच केलाय. मधूनमधून बरं वाटत असणार त्यांना, नाही का?" तो तिच्याजवळ आला आणि तिचा हात दोन्ही हातांत घेतला. "ब्रेन्नाबाई, त्या वर्षांत तुमच्यावर काय काय ओढवलं असेल. तारखांचा घोळ होतोच हो माणसाचा. मनाला लावून घेऊ नका."

लोरेना काहीतरी बोलायला लागली, निवेसने तिला डोळ्यांनी थांबवलं. ओस्तेरो ती जोडी त्याच दिवशी परत घेऊन गेला. जाताना म्हणाला की एक ओळ लिहून द्या, ही एर्मेतेच्या हातची आहे म्हणून. निवेसने नाही म्हटलं. तिने कारण दिलं नाही आणि त्याने विचारलं नाही. ती ओळ वाल्दामेरीने लिहून दिली, उभ्या उभ्या, गाडीच्या टपावर कागद ठेवून. मग तिच्याकडे बघून त्याने खांदे उडवले. तुम्हाला सांगितलं होतं, असा त्याचा अर्थ.

त्यानंतर तिने कर्णे कातले नाहीत. वाटलं असतं तरी साचे तिच्याकडे नव्हते. वाल्दामेरीने ते दुसऱ्या गावातल्या एका कारखान्याला दिले, तिथे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनने ब्रेन्ना कर्णे निघतात, पितळी पट्टीसकट, आणि ते फार छान वाजतात असं लोक लिहितात. लेथ तिने वाडगी कातणाऱ्या एका माणसाला दिली. साठी ओलांडल्यावर ती पुन्हा चपड्याच्या बोळ्याकडे गेली, जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या दुकानात, आठवड्यातले चार दिवस. मालक चाळिशीचा आहे. तिला तो मावशी म्हणतो आणि अधूनमधून पॉलिश कसं करायचं ते समजावून सांगतो.

ओस्तेरोवर तिचा राग फार दिवस टिकला नाही. तो कानाने नाही, नावाने ऐकत होता, एवढं तिला कळलं होतं, आणि असल्या माणसावर किती दिवस चिडणार? राग राहिला तो एर्मेतेवर. त्याला ऐकू येत होतं. कोपरापर्यंत हात आत घालून त्याने पाहिलेलं होतं.

मंडळाने त्याच्या कबरीवर एक पाटी बसवली, कर्ण्याचं चित्र कोरलेली, कर्णशिल्पी असं काहीतरी लिहिलेली. निवेसला विचारलं नव्हतं. एका मंगळवारी सकाळी ती स्क्रूड्रायव्हर घेऊन दफनभूमीत गेली आणि चार स्क्रू काढले. राखणदार पाण्याची झारी घेऊन चालला होता, तो थांबला.

"काय करताय, ब्रेन्नाबाई?"

"माझंही नाव याच दगडावर यायचंय," ती म्हणाली. "जागा करतेय."

तो पुढे गेला. पाटी तिने कापडात गुंडाळून कचऱ्याच्या पिंपात टाकली.

जूनमध्ये ती फुलं बदलायला गेली तेव्हा तिथे नवी पाटी होती, पहिल्यापेक्षा मोठी. या वेळी स्क्रू नव्हते, कसल्याशा चिकटद्रव्याने दगडाला पक्की बसवली होती. तिने कडेने नख घालून पाहिलं. कुठे फट नव्हती, काम चांगलं केलं होतं. मग तिने सुकलेली फुलं काढली, नवी ठेवली, पाणी घातलं आणि साडेआठची बस पकडून कामावर गेली.